‘टु’ की ‘आयएनजी’? गोष्ट एका हट्टी फाउलरची

मराठी विभागात इंग्लिश ग्रामर आलं म्हणून लगेच पान उलटू नका. ही गोष्ट ग्रामरची थोडी आणि एका महाहट्टी माणसाची जास्त आहे. त्याचं नाव हेन्री वॉटसन फाउलर. हा ना इंजिनिअर, ना प्रोफेसर, आणि पीएच.डी. तर नाहीच नाही. वयाची चाळीशी उलटेपर्यंत शाळेबाहेर त्याला कोणी ओळखत नव्हतं. अडुसष्टाव्या वर्षी त्याचं जे पुस्तक निघालं, त्यावरून मात्र इंग्रजी लिहिणारी माणसं आजही भांडतात. ‘फाउलरमध्ये बघ’ एवढं म्हटलं की पुरतं, पुस्तकाचं नाव सांगावं लागत नाही. आपल्याकडे ‘तर्खडकर’ म्हटल्यावर कसं लगेच कळतं, तसंच.

मी याच्या नादाला लागले ते प्लेसमेंटच्या सीझनमध्ये. हॉस्टेलच्या प्रत्येक खोलीतून कंपन्यांना मेल जात होते आणि दहापैकी आठ मेलच्या शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू’ असं लिहिलेलं. माझी रूममेट बारावीपर्यंत मराठी मीडियमची. तिला कोणीतरी सांगितलं, की इथे ‘टु मीट’ चालत नाही, ‘टु मीटिंग’ पाहिजे. ती मला विचारायला लागली, का? मी पडले कॉन्व्हेंटवाली. बरोबर काय ते माझ्या कानाला कळतं, पण कारण सांगता येत नाही. आमच्या शाळेत ग्रामर असं फारसं कोणी समजावलंच नाही. चुकीचं वाक्य आलं की मॅडम तोंड वाकडं करायच्या, आम्ही ते वाकडं तोंड पाठ करायचो! रूममेटला वाकडं तोंड नको होतं, तिला लॉजिक हवं होतं. मग दोघी लायब्ररीत गेलो आणि रेफरन्स सेक्शनच्या सगळ्यात खालच्या फळीवर फाउलरसाहेब सापडले.

आधी भांडण कशाचं ते सांगते. इंग्लिशमध्ये एका क्रियापदामागे दुसरं जोडायचं तर दोन रस्ते. एक ‘टु’वाला, म्हणजे इन्फिनिटिव्ह. दुसरा ‘आयएनजी’वाला, म्हणजे जेरंड. काही क्रियापदांना दोन्ही चालतात, पण अर्थ पार फिरतो. ‘आय स्टॉप्ड टु ड्रिंक टी’ म्हणजे मी चहा प्यायला थांबले. ‘आय स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’ म्हणजे मी चहा पिणं थांबवलं. पहिलीत मी टपरीवर उभी आहे, दुसरीत टपरीवाल्या काकांचं एक गिऱ्हाईक गेलं.

आता वरची दोन मराठी वाक्यं परत वाचा. ‘प्यायला’ आणि ‘पिणं’! हे रूममेटच्याच आधी लक्षात आलं. आपल्याकडेही दोन वेगळी रूपं आहेतच की. ‘पिणं’ हे धातुसाधित नाम, चक्क नाम. आणि ‘प्यायला’ हे जुन्या मराठीतलं ‘प्यावयास’. त्याला लागलेला ‘स’ किंवा ‘ला’ हा चतुर्थीचा प्रत्यय, ‘घराला’, ‘गावास’ मधला. गंमत म्हणजे इंग्लिशमधला ‘टु’सुद्धा मुळात तोच आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लिशमध्ये तो साधा ‘च्याकडे’ अशा अर्थाचा शब्द होता आणि त्याच्यापुढे क्रियापदाचं चतुर्थीतलं रूप यायचं. म्हणून ‘टु’मध्ये अजूनही पुढे जाण्याचा, हेतूचा वास आहे. ‘आयएनजी’ची गोष्ट उलटी. ते आधी शुद्ध नाम होतं, आपल्या ‘पिणं’सारखं. पुढे काही शतकांत हळूहळू त्याला क्रियापदाच्या सवयी लागल्या, ते कर्म घ्यायला लागलं. म्हणजे अर्धं नाम, अर्धं क्रियापद. सगळी भानगड या अर्ध्या-अर्ध्यातून सुरू होते.

‘लुकिंग फॉरवर्ड टु’ मधला ‘टु’ हा क्रियापदाचा नाहीच. तो ‘फॉरवर्ड’ला चिकटलेला शब्दयोगी अव्यय आहे आणि त्याच्यापुढे नामच हवं. ‘लुकिंग फॉरवर्ड टु द हॉलिडेज’ असं आपण म्हणतोच ना? मग ‘हॉलिडेज’च्या जागी ‘मीटिंग’ बसवा. आपल्याला ‘टु मीट’ सुचतं, कारण डोक्यात ‘भेटायला उत्सुक’ असतं. तसंच ‘जायला सुचवलं’ वरून ‘सजेस्टेड टु गो’ येतं, आणि तेही चुकतं. म्हणजे मराठी जिथे वाट दाखवते, तिथे दाखवते, आणि जिथे चकवते तिथे बेमालूम चकवते.

असो. आता माणसाकडे येऊ.

फाउलरचा जन्म १० मार्च १८५८ चा, इंग्लंडमधल्या केंट परगण्यात टनब्रिज इथे. वडील धर्मगुरू आणि शाळामास्तर, गणित शिकवायचे. आठ भावंडांत हा थोरला. रग्बी नावाच्या प्रसिद्ध शाळेत शिकला, मग १८७७ मध्ये ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात गेला. तिथे लॅटिन-ग्रीक घेऊन परीक्षा दिली आणि मिळाला सेकंड क्लास. दरम्यान १८७९ मध्ये वडील गेले. आणखी ऐका. धर्मशिक्षणाची एक सक्तीची परीक्षा असायची, ती त्याची राहिली, त्यामुळे डिग्री हातात पडली ती १८८६ मध्ये. आपल्या भाषेत सांगायचं तर केटी! ज्यांच्या केट्या आहेत त्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये, बाकीच्या गोष्टी अजून यायच्या आहेत.

थोडे दिवस एडिंबरोच्या शाळेत काढून १८८२ मध्ये तो यॉर्कशायरच्या डोंगरातल्या सेडबर्ग शाळेत मास्तर झाला आणि तिथे सतरा वर्षं राहिला. पोहणं, डोंगर चढणं, बर्फावर स्केटिंग, वर्गात लॅटिन, ग्रीक, इंग्लिश. लाजाळू, शिस्तीचा, जरा कोरडा माणूस. पोरांचा फार लाडका होता असं काही दिसत नाही.

मग १८९९ साल आलं. शाळेत हाउसमास्टरचं पद त्याच्यासमोर आलं. हाउसमास्टर म्हणजे आपल्या रेक्टरसारखं समजा, पण पगार आणि मान दोन्ही बरेच जास्त. त्यात एक अट होती. मुलांना चर्चच्या ‘कन्फर्मेशन’ विधीसाठी तयार करायचं कामही हाउसमास्टरचं. फाउलरची श्रद्धा नव्हती. तो चर्चविरुद्ध भाषणं करत हिंडणारा नव्हता, पण जे आपल्याला खरं वाटत नाही ते मुलांना खरं म्हणून शिकवायचं नाही, एवढं त्याचं पक्कं होतं. मधला मार्ग निघाला नाही आणि एकेचाळिसाव्या वर्षी त्याने नोकरीच सोडली. दुसरी नोकरी हातात नव्हती. मला वाटतं या माणसाचं सगळं व्याकरण इथून समजतं. जो शब्द आपण तोलून बघितला नाही तो तोंडातून काढायचा नाही, ही त्याची सवय आधी नोकरीत दिसली आणि मग पुस्तकात.

लंडनमध्ये चेल्सी भागात खोली घेऊन तो राहिला. वडिलांकडून आलेले थोडे पैसे आणि मासिकांतून लिहिलेले निबंध यावर भागवायचं. निबंध खास चालले नाहीत. चार वर्षं अशी गेली. १९०३ मध्ये त्याने सामान बांधलं आणि गर्न्सी बेटावर गेला. हे बेट इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या खाडीत आहे. तिथे त्याचा धाकटा भाऊ फ्रँक राहायचा. बारा-तेरा वर्षांनी लहान, केंब्रिजला शिकलेला, आणि धंदा काय, तर टोमॅटो पिकवणं! दोघांनी ग्रॅनाइटची दोन छोटी घरं बांधली, एकमेकांपासून पन्नासेक यार्डांवर. एका घरात राहिलो तर भांडणं होतील, फार लांब राहिलो तर काम होणार नाही, असा हिशोब असावा. हॉस्टेलवाल्यांना हा हिशोब लगेच पटेल.

या दोन घरांत बसून भावांनी आधी लुशियन या ग्रीक विनोदी लेखकाचं चार खंडांत भाषांतर केलं. ते ऑक्सफर्डने १९०५ मध्ये छापलं. त्यानंतर १९०६ मध्ये ‘द किंग्ज इंग्लिश’. या पुस्तकाची पद्धत मला इंजिनिअरिंगची वाटते. आपण मेटलर्जीत फेल्युअर ॲनालिसिस शिकतो ना, तुटलेला शाफ्ट घ्यायचा, भिंगाखाली धरायचा, भेग कुठून सुरू झाली ते शोधायचं. या दोघांनी तेच वाक्यांचं केलं. नियम आधी सांगून मग उदाहरण बनवायचं असं नाही. वर्तमानपत्रांतून, नामवंत लेखकांच्या पुस्तकांतून मोडलेली वाक्यं उचलायची, आणि कुठे मोडलं ते दाखवायचं. बड्या बड्या दैनिकांनासुद्धा सोडलं नाही. एका बेटावरचे दोन भाऊ, एक माजी मास्तर आणि एक टोमॅटोवाला, लंडनच्या संपादकांचे पेपर तपासतायत, हे दृश्य डोळ्यांसमोर आणा!

ऑक्सफर्डवाले खूश झाले आणि त्यांनी डिक्शनरीचं काम दिलं. तेव्हा मोठी ऑक्सफर्ड डिक्शनरी खंडाखंडाने निघत होती. १८८४ मध्ये पहिला भाग आला होता आणि पूर्ण व्हायला १९२८ उजाडलं. त्या डोंगराएवढ्या कामातून एका हातात मावेल असा कोश काढायचा. पण मोठी डिक्शनरी शेवटच्या अक्षरांपर्यंत पोचलीच नव्हती, त्यामुळे तिथून पुढचं या दोघांनाच आपल्या हिमतीवर करावं लागलं. गूगल नाही, फोटोकॉपी नाही, जवळ मोठी लायब्ररी नाही, ऑक्सफर्डशी सगळा व्यवहार पोस्टाने. १९११ मध्ये ‘कन्साइज ऑक्सफर्ड डिक्शनरी’ बाहेर पडली. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी आजोबांची किंवा काकांची एखादी जुनी, पाठ उसवलेली कन्साइज असेल. ती या दोन घरांमधून आलेली.

मध्येच १० मार्च १९०८ रोजी, बरोबर पन्नासाव्या वाढदिवशी, हेन्रीने लग्न केलं. जेसी विल्स, त्याच्याहून चार वर्षांनी लहान, नर्स होती आणि नर्सिंग होम चालवायची. ती श्रद्धाळू, मोकळी, हसरी. हा अबोल आणि चर्चपासून लांब. जोडी विजोड वाटते, पण संसार चांगला झाला. पुढे १९३१ मध्ये त्याने तिच्यासाठी केलेल्या कवितांचं एक छोटं पुस्तकही छापलं. व्याकरणवाल्याकडून ही अपेक्षा नव्हती, खरं सांगते.

मग युद्ध आलं. १९१४-१५ मध्ये गर्न्सीत सैन्यभरतीची मोहीम सुरू होती आणि फाउलरही पोरांना भरती व्हा म्हणून सांगत फिरला. मग त्याला ते टोचायला लागलं. आपण दुसऱ्यांना मरायला पाठवायचं आणि घरी बसून शब्दांचे अर्थ लावायचे? १९१५ मध्ये, सत्तावन्न वर्षांचा असताना, त्याने वय चव्वेचाळीस सांगितलं आणि साधा शिपाई म्हणून भरती झाला. फ्रँकही त्याच्याबरोबर. जे खरं वाटत नाही ते मुलांना शिकवायचं नाही म्हणून नोकरी सोडणारा माणूस इथे चक्क तेरा वर्षांची थाप मारतो. चरित्रकारांना यात विसंगती दिसत नाही, मला दिसते, आणि त्यामुळेच तो जास्त आवडतो.

डिसेंबर १९१५ मध्ये दोघे फ्रान्सला पोचले. तिथल्या अधिकाऱ्यांना या म्हाताऱ्यांचं काय करायचं ते कळेना. खंदकात पाठवायचं सोडून भांडी घासणं, कोळसा वाहणं अशी कामं दिली. दोघांनी वैतागून वरिष्ठांना रीतसर अर्ज लिहिला. आम्ही आमची कामं बाजूला ठेवून, वय खोटं सांगून लढायला आलो, भांडी घासायला नाही; एकतर आघाडीवर पाठवा, नाहीतर घरी सोडा, असा त्याचा सूर. अर्थात अर्जाची भाषा निर्दोष! शरीर मात्र साथ देईना. १९१६ मध्ये हेन्री परत आला. फ्रँकला त्या काळातच क्षयाने गाठलं आणि १९१८ मध्ये तो गेला. सत्तेचाळीस वर्षांचा.

आता हे लक्षात घ्या, की युद्धाच्या आधीच दोघांनी मिळून नव्या मोठ्या पुस्तकाचा घाट घातला होता. इंग्रजी लिहिताना माणूस जिथे जिथे अडखळतो त्या सगळ्या जागांचा अकारविल्हे कोश. आता हेन्री एकटा उरला. त्याने १९२४ मध्ये ‘पॉकेट ऑक्सफर्ड डिक्शनरी’ हातावेगळी केली आणि १९२६ मध्ये ते मोठं पुस्तक संपवलं: ‘अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज’. अर्पण फ्रँकला. त्यात तो सरळ कबूल करतो, की भाऊ असता तर पुस्तक जास्त चांगलं झालं असतं, कारण बुद्धीची चपळाई, प्रमाणाचं भान आणि मनाचा मोकळेपणा त्याच्याकडे जास्त होता. बारा वर्षांनी मोठ्या माणसाने लहान भावाबद्दल असं लिहायला मोठं मन लागतं.

पुस्तक म्हणाल तर वाचताना मजा येते. मी आधी घाबरले होते, रेन अँड मार्टिनसारखं असेल म्हणून. पण हा गृहस्थ टोमणे मारतो. ‘स्प्लिट इन्फिनिटिव्ह’चं घ्या. ‘टु’ आणि क्रियापद यांच्यामध्ये एखादं क्रियाविशेषण घुसवायचं, ‘टु क्विकली फिनिश’ असं. त्या काळी हे मोठं पाप मानलं जायचं. फाउलर काय करतो? तो इंग्रजी बोलणाऱ्या जगाचे पाच गट पाडतो. ज्यांना हा प्रकार काय आहे तेच माहीत नाही आणि पर्वाही नाही. ज्यांना माहीत नाही पण काळजी फार. जे जाणतात आणि नाकं मुरडतात. जे जाणतात आणि खुशाल वापरतात. आणि जे जाणतात आणि तारतम्य ठेवतात. पहिल्या गटाचा त्याला चक्क हेवा वाटतो! त्याचा निकाल असा: फोडणं चांगलं नाही, पण ते टाळण्यासाठी वाक्य संदिग्ध किंवा ओढूनताणून केलेलं होणार असेल तर बिनधास्त फोडा. ज्याला लोक नियमांचा हवालदार समजतात त्याचं हे मत आहे. आमच्या हॉस्टेलात दुसऱ्या गटाची संख्या लक्षणीय आहे, नावं घेत नाही.

‘जेरंड’ या नोंदीत त्याने जेरंड आणि इन्फिनिटिव्ह यांतली निवड हा वेगळा भागच केलाय. त्याचं म्हणणं, धोका बहुतेक एकाच बाजूने असतो. जिथे ‘आयएनजी’ हवं तिथे लोक ‘टु’ लावतात, उलटं सहसा होत नाही. मी आमच्या फ्लोअरवरचे मेल डोळ्यांसमोर आणले. शंभर टक्के खरं! नव्वदहून जास्त वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला आपल्या प्लेसमेंट सेलची नाडी कळली होती.

पण खरं युद्ध झालं ते दुसऱ्या मुद्द्यावर. ‘ही इज कमिंग लेट’ मध्ये काही प्रश्न नाही. पण ‘त्याचं उशिरा येणं मला आवडत नाही’ हे इंग्लिशमध्ये कसं म्हणाल? ‘हिज कमिंग लेट’ की ‘हिम कमिंग लेट’? बोलताना सगळे ‘हिम’ म्हणतात. फाउलरचं म्हणणं, ‘हिम कमिंग’ हे चुकीचं, कारण मला आवडत नाही ते नेमकं काय? ‘तो’ आवडत नाही असं नाही, आवडत नाही ते ‘येणं’. मग वाक्यात कर्म कोणतं? ‘हिम’ एकटा कर्म नाही, ‘कमिंग’ एकटं कर्म नाही, दोन्ही वितळून एक गोळा झालाय आणि त्याचं पृथक्करण करता येत नाही. या प्रकाराला भावांनी ‘द किंग्ज इंग्लिश’मध्येच नाव दिलं होतं, ‘फ्यूज्ड पार्टिसिपल’. वेल्डिंगच वाटतं ना ऐकायला? फाउलरला तिथे वेल्ड नको होता, नट-बोल्ट हवा होता, सुटा करून बघता येईल असा. ‘हिज कमिंग’ म्हणजे षष्ठी अधिक नाम, हिशोब चोख.

इथे मराठीवाल्यांनी गालात हसावं. आपण ‘त्याचं येणं’ म्हणतो किंवा ‘त्याने येणं’ म्हणतो. ‘त्याला येणं आवडत नाही’ म्हटलं तर अर्थच बदलतो, न आवडणारा तोच होतो. म्हणजे या बाबतीत आपण जन्मतः फाउलरच्या पार्टीचे. माझ्या रूममेटला ‘हिज कमिंग’ एका फटक्यात पटलं. मला ते जरा आखडू वाटतं, कारण माझ्या कानाला पिक्चरमधलं ‘हिम कमिंग’ सवयीचं आहे. मराठी मीडियम एक, कॉन्व्हेंट शून्य.

फाउलरने १९२५ मध्ये यावर एक निबंध छापला आणि तिकडे कोपनहेगनमध्ये ऑटो येस्पर्सन खवळले. हे डेन्मार्कचे प्रोफेसर, पण इंग्रजी व्याकरणातला त्या काळचा फार मोठा माणूस. त्यांचं उत्तर १९२६ मध्ये आलं. त्यांनी जुन्या लेखकांपासून उदाहरणांचा ढीग घातला. ही रचना कालपरवा बिघडलेली नाही, चांगले चांगले लेखक ती पूर्वीपासून वापरतात. आणि बऱ्याच जागी षष्ठी लावताच येत नाही. ‘आमच्यातल्या काहींचं पास होणं’ घ्या. ‘सम ऑफ अस पासिंग’ म्हणता येतं, पण ‘सम ऑफ अस’ला षष्ठीचा ‘एस’ कुठे ठोकणार? सगळ्यात झोंबणारी गोष्ट म्हणजे येस्पर्सननी फाउलरला शास्त्रज्ञ न म्हणता व्याकरणातला उपजत नीतिउपदेशक म्हटलं. फाउलरने १९२७ मध्ये उलट उत्तर दिलं आणि ती पदवी आपल्या उत्तराच्या शीर्षकातच घातली. माघार नाही.

कोण बरोबर? मला विचाराल तर पुराव्यात येस्पर्सन जिंकले. भाषा कशी आहे हे मोजायचं असेल तर डेटा घ्यावाच लागतो, आणि डेटा त्यांच्याकडे होता. फाउलरला भाषा कशी असावी हे सांगायचं होतं. पण म्हणून त्याला टाकाऊ म्हणायला माझं मन होत नाही. टेस्टिंगवाला आणि डिझाइनवाला यांच्यात हा वाद नेहमीच असतो. एक म्हणतो, लोड असा येतो. दुसरा म्हणतो, पार्ट असा करायला हवा. फाउलरची डिझाइन काही ठिकाणी अति कडक होती इतकंच. शिवाय तो जे सांगतो ते का सांगतो हे प्रत्येक वेळी लिहितो. वाकडं तोंड करून सोडून देत नाही.

पुस्तक निघायच्या सुमाराला, १९२५ मध्ये, तो आणि जेसी सॉमरसेटमधल्या हिंटन सेंट जॉर्ज या खेड्यात राहायला आले. ऑक्सफर्डवाल्यांना अजून डिक्शनऱ्या हव्या होत्या. म्हाताऱ्याचा घरकामात वेळ जातो म्हणून त्यांनी नोकर ठेवायला पैसे देऊ केले. त्याने काय कळवलं असेल? आज सकाळी सात ते साडेसात या अर्ध्या तासात मी रस्त्यावर दोन मैल पळालो आणि शेजाऱ्यांच्या तळ्यात पोहलो. जवळजवळ तीस वर्षं नोकर ठेवला नाही म्हणूनच हे अजून जमतं. तुम्ही नोकर दिलात तर कोश भरभर होतील आणि मी हळूहळू मरेन, तेव्हा मला माझ्या संथ चालीने जाऊ द्या. अडुसष्टाव्या वर्षी! इथे आम्ही आठच्या लेक्चरला साडेसातला उठून धावतो ते पळणं वेगळं.

‘कन्साइज’ची दुसरी आवृत्ती १९२९ मध्ये निघाली, त्यात आर्थर नावाचा आणखी एक भाऊ मदतीला होता. १९३० मध्ये जेसी कॅन्सरने गेली. त्यानंतर तो कामच करत राहिला. २६ डिसेंबर १९३३ रोजी, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, हिंटनच्या घरी फाउलर वारला. ‘कन्साइज’ची तिसरी आवृत्ती पुढच्या वर्षी आली.

पुस्तक मात्र थांबलं नाही. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या स्वारीची तयारी चालू असताना चर्चिलने एका अधिकाऱ्याच्या कागदावर शेरा मारला, की ‘इंटेन्सिव्ह’ नको, ‘इंटेन्स’ पाहिजे, फाउलर वाचा. डोक्यावर एवढं मोठं युद्ध, आणि साहेब विशेषण दुरुस्त करतायत! १९६५ मध्ये सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी पुस्तकाची दुसरी आवृत्ती केली, १९९६ मध्ये रॉबर्ट बर्चफील्ड यांनी तिसरी, २०१५ मध्ये जेरेमी बटरफील्ड यांनी चौथी. बर्चफील्डनी तर इतकं बदललं, की जुने भक्त चिडले. ‘हिज कमिंग’ विरुद्ध ‘हिम कमिंग’ या प्रश्नात षष्ठी मागे हटत चाललीय, हे त्यांनी मान्य करून टाकलं.

रूममेटने शेवटी मेलमध्ये ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीटिंग यू’ लिहिलं. नंतर प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिताना तिने ‘ड्यू टु द वॉल्व्ह फेलिंग’ खोडून ‘ड्यू टु द वॉल्व्ह्ज फेलिंग’ केलं. गाइड सरांनी त्यातला ‘एस’ लाल पेनाने कापला, आणि दुसऱ्या दिवशी ती फाउलरची झेरॉक्स घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेली. चर्चा अजून चालू आहे.